व्याह्यांच्या सहीशेजारी

आमच्या ह्यांची उभी हयात बँकेच्या वसुलीत गेली. समोर आलेल्या थकबाकीदाराला ह्यांचा एकच प्रश्न असे, "सही तुमचीच आहे ना?" तो बिचारा मान खाली घालायचा आणि हे घरी येऊन ताव मारून जेवायचे. निवृत्त झाल्यावर हाच माणूस जिमच्या करारावर न वाचता सही करून आला.

त्याला कारण व्याही. आमच्या वल्लरीचे सासरे, सुधाकरराव, आमच्या गावाला लागूनच असलेल्या मावल्यात राहतात. तिथल्या जिमवाल्यानं सांगितलं, दोघांनी जोडीनं वर्षाचं सभासदत्व घ्या, फी कमी करतो, हप्त्यानं द्या. आता व्याह्यांसमोर चष्मा लावून कलमं वाचत बसणं ह्यांना कमीपणाचं वाटलं. व्याह्यांच्या सहीशेजारी ह्यांनीही झोकात सही ठोकली.

महिनाभरात गुडघा कुरकुरू लागला आणि जिम सुटली. हप्त्यासाठी फोन आला की हे म्हणायचे, "मी येऊनच नाही राह्यलो, तर पैसे कायचे?" शेवटी वकिलाची नोटीस आली. या किंवा नका येऊ, वर्षाची फी द्यावीच लागेल आणि एकानं थकवली तर ती जोडीतल्या दुसऱ्याकडून घेऊ, असं करारातच होतं. मी म्हटलं, "भरून टाका. व्याह्यांच्या दारात जातील ते."

"अशा नोटिसा मी लय धाडल्या," हे म्हणाले. "काही होत नसते." मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

गेल्या रविवारी नातवाच्या वाढदिवसाला मावल्याला गेलो. बैठकीची खोली पाहुण्यांनी भरली होती. सुधाकररावांनी ह्यांना शेजारी बसवून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "व्यवहार शिकावा तं आमच्या व्याह्यांपासून. जिमवाले माह्याकडं आले, मी भरून टाकले. तं ह्यांनी आठवड्यात वल्लरीच्या हाती सगळे वापस पाठवले. मी मागतलेबी नव्हते."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही पाठवलं नव्हतं. तशीच उठून स्वयंपाकघरात गेले. वल्लरी पुऱ्या लाटत होती. ती शाळेत शिकवते.

"पगारातून दिले," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आई, घरात कोणी एक शब्द बोललं नाही. बाबांचं नावच काढून नव्हतं राह्यलं कोणी. तेच मले सहन नाही झालं."

पाण्याचं निमित्त करून हेही मागून आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. खिशातलं पाकीट काढलं, असतील तेवढ्या नोटा लेकीपुढे धरल्या. तिनं पिठाचे हात मागे घेतले.

"इथं नका देऊ, बाबा. कोणी पाहिलं तं मी खोटी पडीन."

ह्यांनी नोटा एकेक करून परत पाकिटात ठेवल्या. ह्यांच्या जन्माच्या तोऱ्याला मी हसत आले, पण तेव्हा हसू आलं नाही. मलाच कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

बाहेरून सुधाकररावांची हाक आली. कोणी नवे गृहस्थ आले होते, त्यांना ओळख करून द्यायची होती.

"हे आमचे व्याही, अनंतराव. बोलाचे एकदम पक्के."

गृहस्थांनी आदरानं वाकून हात जोडले. वल्लरी दाराशी येऊन ह्यांच्याकडे पाहत उभी होती. ह्यांनी मान खाली घातली आणि हात जोडले.