सतरंज्या धुण्याचा धक्का

"प्रत्येकाला तीन हिरव्या टिकल्या. नकाशावर जे मनापासून हवं असेल, तिथं चिकटवा," असे सांगून नगररचना खात्याच्या सानाबाई बाजूला झाल्या आणि कोइवुरांता उपनगराच्या रहिवासी सभागृहात नेहमीची शांतता पसरली. पुढच्या दोन्ही रांगा रिकाम्या होत्या. माणसे मागच्या भिंतीच्या आधाराने बसली होती. उपनगराच्या पुढच्या वीस वर्षांचा आराखडा ठरायचा होता. पण बशीतला पहिला वेलचीपाव जसा कुणी उचलत नव्हते, तशी पहिली टिकलीही कुणी लावत नव्हते.

"बसा असेच," रायली कॉफीची किटली घेऊन फिरता फिरता म्हणाली. "नकाशा उठून तुमच्याकडे येईल."

"तूच लाव ना आधी," ताउनो म्हणाला. "यजमानीण आहेस."

"म्हणून तर शेवटी लावणार. तू ऊठ. तेवढेच पाय मोकळे होतील."

रायलीने शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढले होते. निवृत्तीनंतर या सभागृहाची आणि, कुणी न सांगता, तळ्याकाठच्या लाकडी धक्क्याचीही देखभाल तिच्याकडे आली. दर जूनमध्ये साऱ्या वस्तीच्या चिंध्यांच्या सतरंज्या त्या धक्क्यावर येत, पाइनच्या साबणाने घासल्या जात आणि कठड्यावर निथळत. कुजलेली फळी रायली बदली, पिळण्याच्या यंत्राला तेल रायली घाली. तिच्या स्वतःच्या सतरंजीत दिवंगत नवऱ्याचे, वेइक्कोचे, कामावरचे निळे सदरे विणलेले होते. वर्षातून एकदा ते तळ्याच्या पाण्यात पसरून ती ब्रशने घासत बसे, तेव्हा तिच्याशी कुणी बोलत नसे.

अखेर माणसे उठली. रायलीने खरोखरच सर्वांत शेवटी टिकल्या लावल्या: एक बसथांब्याच्या छपरासाठी, एक रानवाटेवरच्या दिव्यासाठी आणि तिसरी पाण्यात उतरणाऱ्या उतारासाठी. हा उतार ताउनोची बायको इर्मा हिच्यासाठी हवा होता. तिची चाकांची खुर्ची काठाशीच थांबे. धक्क्यावर टिकली लावणे रायलीला प्रशस्त वाटले नाही. यजमानिणीने आपल्याच वस्तूसाठी हात पुढे करावा, हे कोइवुरांतात बसत नाही. शिवाय धक्का तर होताच. असलेली वस्तू मागायची कशाला?

नेमका हाच विचार सगळ्यांनी केला होता.

सानाबाईंनी टिकल्या मोजल्या. "उतार सर्वांत वर. त्याला सपाट किनारा लागेल आणि तसा एकच आहे, धक्क्याचा. धक्क्यावर एकही टिकली नाही. म्हणजे तो आता वापरात नसावा, काढता येईल."

त्यांचे अनुमान चोख होते. गृहीतक तेवढे चुकले होते. माणसे नसलेले मागतात, आणि असलेल्याविषयी मौन पाळतात. त्या मौनाचा अर्थ उपेक्षा असा लावणे हे परक्याला शक्य होते. पण ती चूक सानाबाईंची मानावी, की अख्ख्या सभेची?

ताउनो उठला. उतारावरची आपली टिकली नखाने सोडवून त्याने ती धक्क्यावर लावली.

"हे काय चालवलंयस?" रायलीने विचारले.

"जूनमध्ये धुणार कुठं तू?"

"गॅरेजांच्या मागे नळ आहे."

"तिथं? दोन दिवसांत सगळ्यांना शिव्या घालशील."

"त्या काय, मी तळ्यावरही घालते."

"मत बदलता येईल," सानाबाई हळूच म्हणाल्या. "सभा संपेपर्यंत."

मागच्या रांगेत खुर्च्या सरकल्या. रायलीने किटली खाली ठेवली.

"बसा सगळे."

माणसे बसली. तिने ताउनोची टिकली काढून पुन्हा उतारावर ठेवली. डिंक गेला होता, तिने ती अंगठ्याने दाबून धरली आणि मागे न वळता विचारले, "इर्मा, पाण्यात शेवटची कधी उतरलीस गं?"

"गुडघे माझे होते तेव्हा," इर्मा म्हणाली. लोक हसले. ती हसली नाही. "सात उन्हाळे झाले, रायली. पण तुझा धक्का मोडून नको मला."

"तुला कोण विचारतंय? तू बाहेर आलीस की माझ्या धुतलेल्या सतरंज्यांवर पाय पुसायचीस."

"मऊ होत्या गं."

"मऊ असणारच. वेइक्कोचे सदरे होते ते." रायली सानाबाईंकडे वळली. "उतारच होऊ दे. फक्त 'वापरात नव्हता' असं लिहू नका."

"मग काय लिहू, रायलीबाई?"

"वापरात होता. रहिवाशांनी दिला. असं लिहा."

सानाबाईंनी तसेच लिहिले आणि सर्वांना वाचून दाखवले. कुणी काही बोलले नाही. या वेळी त्यांनी त्या मौनाचा अर्थ लावला नाही.

पुढल्या जूनमध्ये उतार खुला झाला. त्या सकाळी रायली गॅरेजांमागे सिमेंटवर गुडघे टेकून सतरंजी घासत होती. निळसर फेस जाळीतून खाली गटारात जात होता. तिथून तळे दिसत नाही. बर्चच्या झाडांपलीकडून आधी पाण्याचा खळखळाट आला, आणि मागोमाग, पाणी बर्फासारखे आहे, ताउनो गाढव आहे, हे साऱ्या वस्तीला ऐकवणारा इर्माचा आवाज. रायलीने नळ बंद केला. तो आवाज काठापासून दूर, खोल पाण्याकडे जाईपर्यंत ती ब्रश हातात धरून ऐकत राहिली. मग तिने नळ सोडला आणि सतरंजीची दुसरी बाजू वर केली.