हौसेरावांच्या पायावरचं पाणी

मी कॅलिपर बोलतोय. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाशी, लोखंडी तबकडीला चिमट्यात धरून बसलेला असतो ना, तोच मी. गाडी घेताना लोक टाकीचा रंग बघतात, आरशात आपला भांग बघतात. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण हँडलवरचा ब्रेक दाबला की माझ्या पोटातला पिस्टन पुढे सरकतो, तबकडी घट्ट धरली जाते आणि गाडी थांबते. ब्रेक सोडला की मीही सोडतो. जन्मभर एवढंच काम केलं.

माझे मालक हौसेराव. मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. घणसोलीहून जाता-येता ट्रकांच्या त्या गर्दीत मी त्यांना कितीदा वाचवलं, ते मोजलं नाही. दसऱ्याला गाडीला हार घालून झाला की ते खाली वाकायचे आणि बोटाला उरलेलं कुंकू मला टेकवायचे. बायकोला म्हणायचे, "खरा जपणारा ह्यो हाय बघ."

संध्याकाळी ते घरी आले की पत्नी बाळाबाई दारातच त्यांच्या पायावर पाणी घालायच्या. बाहेरून आलेल्या माणसानं पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही त्यांच्या गावाकडची रीत. इथं इमारतीतही त्यांनी ती सोडली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी बाजारातच हौसेरावांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चौथ्या दिवशी एका सोबत्यानं गाडी आणून जिन्याखाली लावली.

त्या संध्याकाळी बाळाबाई तांब्या घेऊन खाली आल्या आणि त्यांनी पुढच्या चाकावर पाणी ओतलं. "आलासा?" एवढंच म्हणाल्या. मग हे रोजचंच झालं. ते पाणी माझ्या अंगावर पडायचं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. माझंही माणूस गेलं होतं. पण उभ्या गाडीवरचं पाणी वाळायला वाट कुठली? पिस्टनभोवतीच्या रबराच्या कडेनं ते आत झिरपलं, पिस्टनला गंज चढून तो फुगला आणि तबकडी घट्ट धरूनच मी अडकून बसलो.

यंदा त्यांच्या लेकीला, ज्ञानेश्वरीला, उरणच्या एका गोदामात नोकरी लागली. सोमवारपासून सकाळची पाळी. त्या वेळेला पोचवणारी बस नव्हती. तिनं मोठ्या हौसेनं वडिलांची गाडी बाहेर काढायला घेतली, तर चाक जागचं हलेना. गाडी ढकलणं शक्य नव्हतं, म्हणून घणसोली गावातला गॅरेजवाला कुंदन हत्यारं घेऊन जिन्याखालीच आला.

"कॅलिपर जाम हाय," तो म्हणाला. "नवीन टाकू. यो भंगारात."

बाळाबाई आडव्याच आल्या. "न्हाई! त्यांच्या हातचं कुंकू लागलंय त्याला. हाय तेच नीट कर, न्हाईतर गाडी ऱ्हाऊ दे उभी."

"आई, परवा जॉइनिंग आहे गं माझं," ज्ञानेश्वरीचा आवाज रडवेला झाला.

आता माझ्यावर दोघींचं अडलं होतं, आणि मला तर बोटभरही हलता येत नव्हतं.

कुंदननं मला चाकापासून सोडवलं, तेल सोडलं, लाकडानं हळूहळू ठोकलं. ज्ञानेश्वरी ब्रेक दाबत राहिली. तासाभरानं पिस्टन एकदाचा निसटला आणि त्याच्यामागून विटकरी पाणी गळलं. कुंदननं ते बोटावर घेतलं.

"यावर रोज पानी कोन ओतते?"

बाळाबाईंचा चेहरा उतरला. "म्या. त्यांच्या पायावर घालते."

कुंदन खाली मान घालून मला आतून घासत राहिला. बाळाबाई पायरीवर बसल्या. "म्हंजी म्याच त्याला जाम केला," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांचा दोष नाही, हे मला सांगायचं होतं.

नवा पिस्टन, नवं रबर बसलं. माझं अंग जुनंच राहिलं आणि मी परत चाकाशी बसलो. आता हँडलपासून माझ्यापर्यंत येणाऱ्या तेलाच्या नळीतली हवा काढायची होती. ज्ञानेश्वरी वरून ब्रेक ऑइल ओतत होती, म्हणून कुंदननं बाळाबाईंना हँडलपाशी बोलावलं. "मावशी, ब्रेक दाबून धर. मी सांगेपरत सोडू नको, नायतर हवा परत आत जाईल."

त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरला. कुंदननं माझ्या अंगावरचा नट सैल केला, तिथून बुडबुडे आले, मग नितळ तेल आलं. त्यानं पान्यानं नट परत आवळला.

"झाला. सोड आता."

बाळाबाईंनी सोडला नाही. बोटं पांढरी पडली तरी त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. ज्ञानेश्वरीनं बाटली खाली ठेवली आणि आईच्या हातावर हात ठेवला. "आई, सोड."

बोटं एकेक करून सुटली. मी तबकडी सोडली आणि दोन वर्षांनी चाक फिरलं.

आता मी रोज उरणला जातो. तिथला खारा वारा मला बाधतो, पण लेक दर रविवारी मला पुसते. बाबांनो, गेलेल्या माणसाच्या गाडीला जपायचं असेल तर तिला चालवा, हे माझं हात जोडून सांगणं आहे.

संध्याकाळी आम्ही परततो, तेव्हा बाळाबाई तांब्या घेऊन खाली उभ्या असतात. "आलीस?" म्हणतात, आणि लेकीच्या पायावर पाणी घालतात.