काटाबाईच्या कमरेची कात्री

तुम्ही विचारलं नाहीत. शेवंडीची, म्हणजे तुमच्या त्या लॉबस्टरची, शेपटी लोण्यात बुडवून खाल्लीत, बोटं चाटलीत, आचाऱ्याला शाबासकी दिलीत. पण जिच्या हातून ती बर्फाच्या पेटीत गेली, तिनं ती कधी चाखली का, एवढं विचारायला तुमच्यापैकी एकाचीही जीभ उचलली नाही. नाव कुणाचं घेत नाही. ज्याचं त्याला कळेल.

मी कात्री आहे. बोलणं जरा लागलं तर सांभाळून घ्या. दोन पात्यांमध्ये गोड बोलायला जागा नसते.

कारखान्यातून निघाले तेव्हा आम्ही शंभर बहिणी एका खोक्यात होतो. कुणी शिंप्याकडे गेली, कुणी फुलवालीकडे. माझ्या नशिबी आली बंदरावरची थंडगार शेड, जिथे शेवंडीच्या शेपट्या साफ करून बर्फात भरायच्या. त्या दिवशी कामाला लागलेल्या एका बाईच्या हातात मुकादमानं मला दिलं. तिनं मला दोनदा उघडलं, मिटलं आणि म्हणाली, "चालेल." स्थळ पसंत पडल्यासारखं वाटलं मला. नायलॉनच्या दोरीनं तिनं मला कमरेला बांधलं, ते बावीस वर्षांसाठी.

काम असं. शेपटी पाण्यातून उचलायची, खालचे लोंबणारे पाय माझ्याकडून छाटून घ्यायचे, तळहातावर क्षणभर धरायची आणि वजनाप्रमाणे योग्य त्या ट्रेमध्ये टाकायची. बाकीच्या बायका शेजारच्या वजनकाट्यावर ठेवून बघत. हिला गरज नव्हती. एकदा मुकादमानं परीक्षा घेतली. दहा शेपट्यांची वजनं तिनं हातानं सांगितली. काट्याशी एकही जुळेना. सगळे हसले. संध्याकाळी तपासणीला माणूस आला, तर काटाच बिघडलेला निघाला. त्या दिवसापासून ती काटाबाई झाली.

शेडचा एक कायदा होता: कवचाला चरा गेला की शेपटी बाद. त्यामुळे बावीस वर्षं मी शेवंडीच्या अंगावर चालले, पण पाठीला पातं लावलं नाही.

आणि काटाबाईनं? तिनं बावीस वर्षांत एक घासही खाल्ला नाही. कुणी बंदी घातली नव्हती. पण रोज ज्याचा ढीग उपसतो ते आपल्यासाठीही असू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला याचा फार राग येतो. तिला येत नसे, म्हणून मला दुप्पट येतो.

सुटी झाली की मला खुंटीवर टांगून जायचा नियम होता. ती विसरायची, म्हणजे विसरल्यासारखं करायची. त्यामुळे घरही मी पाहिलं. दोन खोल्या, एक गॅलरी. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. सासूबाई खिडकीपाशी, लेक पुस्तकात.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे काका राहतात. त्यांना कुण्या गिऱ्हाइकानं शेवंडीच्या शेपट्या भेट दिल्या. काका त्या घेऊन जिन्यातच उभे. "वहिनी, तुमच्यासारखी जाणकार घरात असताना आम्ही कुणाला विचारावं? किती वेळ शिजवायच्या?"

आता "मला नाही माहीत" म्हणायला काय झालं होतं? पण कमरेला मी, अंगाला शेवंडीचा वास, आणि समोर काका इतक्या आदरानं बघतायत. काटाबाईनं घसा साफ केला. "अर्धा तास उकळा."

बटाट्याला जेवढा वेळ लागतो तेवढा तिनं शेवंडीला बहाल केला.

दुसऱ्या दिवशी काका गाल चोळत आले आणि म्हणाले, "वहिनी, उत्तम." झालं. इमारतीत बोभाटा झाला की शेवंड रांधावी तर काटाबाईनं. थाप एकदा जिना उतरून गेली की परत वर येत नाही.

मग शेडमध्ये मशीन आलं. पट्ट्यावरून शेपटी सरकते, मशीन वजन करतं आणि स्वतःच वेगळ्या पेटीत ढकलतं. ते चहाला उठत नाही, त्याचा खांदा दुखत नाही. शेवटच्या दिवशी मुकादमानं काटाबाईला मला देऊन टाकलं. माझा खिळा सैल झाला होता, नाहीतरी टाकूनच देणार होते. घरी येऊन तिनं मला खणात ठेवलं, संपलेल्या बॅटऱ्या आणि रबरबँडांच्या संगतीत. स्वतः गॅलरीत बसली. मधूनच तळहात उताणा धरून त्याच्याकडे बघायची, जणू त्यावर काहीतरी असायला हवं होतं.

लेक तोवर प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. एका रविवारी ती बर्फाची पिशवी घेऊन आली. आत चार शेपट्या.

"आई, आज तू करायच्यास. मी फक्त लसूण सोलणार. खालच्या काकांनाही बोलावलंय, एक वाजता."

"काकांना कशाला?"

"तेच तर सगळ्यांना सांगतात, वहिनींसारखी शेवंड कुणाला जमत नाही म्हणून."

काटाबाईचा चेहरा पडला. "आज माझा खांदा दुखतोय गं."

"सकाळी धुणं वाळत घालताना तर गाणं म्हणत होतीस," खिडकीजवळून सासूबाई म्हणाल्या.

बारा वाजून गेले होते. आणि काका घड्याळवाले. एक म्हणजे एक.

खण उघडला. उजेड आला आणि पाठोपाठ तो ओळखीचा अंगठा. काटाबाईनं एकेक शेपटी तळहातावर धरली. "एकशे ऐंशी. ही एकशे पंच्याहत्तर. हीसुद्धा. ही धाकटी, दीडशे."

"वजन कोण विचारतंय, आई? मिनिटं सांग. आच किती ठेवू?"

काटाबाईनं मला कवचाच्या पाठीवर टेकवलं. आणि थांबली. चरा गेला तर बाद, हे बोटांत इतकं मुरलं होतं की बोटं मिटेचनात. मी ताटकळत उभी. लेक बघतेय. घड्याळ चालतंय.

"मला नाही माहीत," काटाबाई म्हणाली. "मी कधी केलेली नाही. कधी खाल्लीही नाही."

लेकीच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. "बावीस वर्षं?"

"बावीस."

"आणि मी इथेच होते. मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

लेकीनं पाकळी ओट्यावर ठेवली. मग सासूबाई म्हणाल्या, "मला माहीत होतं. खाऊन आलेल्या माणसाचा चेहरा वेगळा असतो."

"मग काकांना अर्धा तास कुणी सांगितला?" लेकीनं आईला विचारलं.

"मीच. बटाट्याच्या हिशोबानं."

आधी सासूबाई हसल्या. त्यांना ठसका लागला. मग लेक हसली, आणि शेवटी काटाबाई ओट्याला धरून खाली बसली, इतकी हसली.

"काप," लेक म्हणाली. "इथे बाद करायला कुणी नाही."

काटाबाईनं बोटं मिटली. कर्रर्र. काय सांगू तुम्हाला, बावीस वर्षांचा कायदा एका रेघेत मोडला. सैल खिळ्याची मी, पण पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ गेले. आतली काळी शीर तिनं ओढून काढली, मांस किंचित वर उचललं. तव्यात लोणी वितळलं, लसूण पडला, शेपट्या कवचावर टेकवून ठेवल्या, झाकण पडलं.

"पण झाली हे कळणार कसं?" लेक कासावीस. "जास्त झाली की रबर होतं म्हणतात. दुसऱ्या शेपट्या नाहीत आपल्याकडे."

 काटाबाईनं झाकण काढलं, फडक्यानं धाकटी शेपटी उचलून तळहातावर धरली, क्षणभरच.

"अजून पाणी धरून आहे. ठेव."

दोन मिनिटांनी पुन्हा उचलली. काचेसारखं मांस पांढरं होत आलं होतं. "हलकी व्हायला लागली. अजून थोडं."

तिसऱ्यांदा उचलली आणि तिचा चेहरा शेडमधल्यासारखा झाला, कुठलाही काटा जिला चुकवू शकत नव्हता तसा. "बस. उतरव. याच्यापुढे रस जाईल."

लेकीनं घड्याळ बघितलं. "सात मिनिटं."

"असतील. माझ्या हाताला मिनिटं कळत नाहीत."

तेवढ्यात बेल वाजली. एक वाजला होता.

पहिला घास काटाबाईनं घ्यायचा, असं लेकीनं फर्मान काढलं. तिनं घास तोंडात ठेवला. आम्ही सगळे थांबलो, मीसुद्धा, ओट्यावर लोण्यात माखून पडलेली. ती सावकाश चावत राहिली आणि मग तळहात उताणा करून त्याच्याकडे बघू लागली.

"काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं हातात होती आणि मला वाटायचं खारट असेल."

तेव्हापासून मी खणात नाही. चुलीजवळच्या खिळ्यावर माझी जागा आहे. माझा खिळा काकांनी त्यांच्या घड्याळाच्या बारीक पेचकसानं आवळून दिला. काटाबाईच्या हाताखाली आता इमारतीतल्या तीन सुना शेवंड शिकतात. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या ताटात जे येतं, ते ज्याच्या हातून येतं, त्याला विचारा, तू खाल्लंस का. विचारायला धार लागत नाही.

त्या दुपारी काकांनी मात्र पहिला घास घेतल्यावर चावणं थांबवलं. चावण्यासारखं काही उरलंच नव्हतं, घास विरघळला होता. त्यांनी शेपटीकडे बघितलं, काटाबाईकडे बघितलं आणि विचारलं, "किती वेळ ठेवलीत?"

"सात मिनिटं," लेक म्हणाली.

काटाबाईनं मान खाली घातली. काकांनी चमचा ठेवला, रुमालानं ओठ टिपले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुमच्या त्या अर्ध्या तासापायी मी दोन कवळ्या बदलल्या."