बिनआवाजाचा खोका

माझी एकच अट होती. नवा कॉम्प्युटर कसलाही आणा, पण त्याने ह्यांच्या श्वासातला वाटा मागायचा नाही.

हे फोटोग्राफर. अर्ध्या गावाची लग्नं ह्यांनी टिपलेली. स्टुडिओ बंद केल्यावर सगळ्या निगेटिव्ह घरी आल्या. त्या स्कॅन करून हॉलमधल्या मोठ्या खोक्यात भरायच्या आणि कुणी कुठूनही मागितला तर त्याचा फोटो त्याला घरबसल्या दिसेल असं करायचं, हा ह्यांचा उद्योग. हे त्याला घरचा सर्व्हर म्हणायचे, मी अडगळ म्हणायचे. दिवसभर त्याच्या पंख्याची घोंघों ऐकून माझं डोकं उठायचं.

मग ह्यांच्या फुफ्फुसांनी संप केला. आतल्या खोलीत पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि नाकात नळी. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून जिन्याखाली इन्व्हर्टर बसवला. त्याच्यावर यंत्र, दोन पंखे आणि दिवे. खोका मात्र भिंतीच्या लाइटवरच राहिला, कारण तो बॅटरी ढोसायचा. लाइट गेली की तो पडायचा बंद. एकदा असाच मध्येच पडला आणि एका माणसाच्या आईचे फोटो गेले. निगेटिव्हला आधीच बुरशी लागलेली. त्या माणसाला ह्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

"सर्व्हर इन्व्हर्टरवर घ्यायचा," हे म्हणाले.

"आणि यंत्राला काय माझा पदर लावू?" मी म्हटलं.

शेवटी धाकट्या दिराला बोलावलं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लहानपणी घरातला प्रत्येक फ्यूज त्याने उडवला, म्हणून घरात त्याला फ्यूजच म्हणतात. तो पिशवीतून छोट्या कॉम्प्युटरची तीन डबडी घेऊन आला आणि एकेक प्लगला मीटर लावून बसला. आधी जुना खोका मोजला. आकडा बघून मीच हबकले.

"वहिनी, हे सगळ्यात छोटं. पत्त्यांच्या कॅटाएवढं. पण हार्ड डिस्क जोडली की याला दम लागतो."

"आमच्याकडे दम लागणारं एक आहे, तेवढं पुरे," आतून हे म्हणाले. हसले आणि मग खोकत राहिले.

दुसरं एका ऑफिसातून निघालेलं, जेवणाच्या डब्याएवढं, आत बारीकसा पंखा. तिसरं तेवढंच, पण पंखाच नाही. कामाला दोन्ही दणकट, वीज दोघांची जुन्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी.

"भाऊजी, याने यंत्राचा किती वेळ खाल्ला जाईल ते सांगा. वॅट मला कळत नाहीत."

त्याने हिशेब केला. "पाच-सात मिनिटं. फार तर."

मी बिनपंख्याचं उचललं. म्हटलं, एक तरी यंत्र या घरात गप्प बसू दे.

फोटो नव्या डब्यात गेले, डबा इन्व्हर्टरवर बसला. हे खूश. मीही खूश, हॉलमध्ये बसून कान कसे निवांत झाले होते.

पुढच्याच आठवड्यात दुपारी मी हॉलमध्ये शेंगा सोलत बसले होते. वर पंखा फिरत होता. आत हे एकेक निगेटिव्ह उजेडाला धरून बघत होते. अचानक पंखा मंदावला आणि आतून यंत्र एकसुरी किंचाळायला लागलं. मला कळेचना. लाइट तर आहे ना?

लाइट केव्हाच गेली होती. एरवी खोक्याची घोंघों थांबली की मी हातातलं टाकून उठायचे. पंखे, दिवे बंद करायचे, बॅटरी यंत्रासाठी राखायचे आणि खाली राहणाऱ्या कंपाउंडरला हाक मारायचे. तो येऊन अडीनडीला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर जोडून ठेवायचा. हे सगळं मी त्या आवाजावर करत होते, हे त्या क्षणापर्यंत माझं मलाही ठाऊक नव्हतं. इन्व्हर्टर जिन्याखाली कधीचा ओरडत असेल, वर कुणाला ऐकू येणार?

ह्यांचे ओठ निळे पडायला लागले. कंपाउंडर घरी नव्हता. सिलिंडरवर पाना लावला, तो हलेना. पाय भिंतीला रोवून, सगळं अंग टाकून ओढला, तेव्हा कुठे सिलिंडरचा सुस्कारा सुटला. नळी बदलताना मला ती नीट बसवता येईना, शेवटी ह्यांनीच ती धरून नाकात घातली.

संध्याकाळी फ्यूज आला, मान खाली घालून. मोबाइलवर सूचना येईल असं काहीतरी बसवतो म्हणाला.

"मोबाइल मी कुठेही विसरते. मला माझी घोंघों परत द्या," मी म्हटलं.

त्याने अडगळीतून जुना खोका काढला, आतलं सगळं सोडवलं, फक्त पंखा चालेल एवढं ठेवलं आणि प्लग भिंतीत घातला.

"वीज वाचवायला नवा आणला," हे हळूहळू म्हणाले, "आणि जुना रिकामा चालवतोय. तुझ्यासारखी तूच." पण रात्री तो आवाज ऐकत शांत झोपले.

थंडीत हे गेले. यंत्र भाड्याचं होतं, ते लोक घेऊन गेले. सिलिंडरही गेला. फोटो डब्यात आहेत, लोक बघतात. लाइट गेली तरी डबा दोन दिवस चालेल, फ्यूज सांगतो. पंखे-दिवे सोडले तर सगळी बॅटरी आता त्याच्या एकट्याची आहे.

"वहिनी, तो रिकामा खोका आता बंद करू या का?" परवा त्याने विचारलं.

मी राहू दे म्हटलं. काल दुपारी घोंघों थांबली. मी हातातलं टाकलं, धावत जाऊन पंखा बंद केला, दिवा बंद केला आणि आतल्या खोलीत गेले.