भोंगा झाला की उघडणारी फणेरपेटी

मी एक जुनी फणेरपेटी आहे. सोलापुरात, गिरणीमागच्या एका चाळीत, भिंतीतल्या कोनाड्यात माझी जागा आहे. माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा आहे. झाकण तिरकं उभं केलं की समोर बसलेल्या बाईचं तोंड त्यात दिसतं. पोटात लाकडी फणी, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा. मित्रांनो, कपाळावर आधी मेणाचा गोल उमटवून त्यावर कुंकू दाबताना तुमच्या घरातल्या बायकांना तुम्ही पाहिलं असेल. मेणावर बसलेलं कुंकू दिवसभर हलत नाही. आणि पुसायचं म्हटलं तरी सहज पुसलं जात नाही. एवढं लक्षात ठेवा.

मंद्रूपच्या सिद्धप्पा सुताराने मला घडवलं. गावातल्या एका शेतकऱ्याच्या लेकीचं, मायाक्काचं, लग्न ठरलं होतं. सिद्धप्पाने माझी बिजागरी तीनदा काढून तीनदा बसवली. "पोरगी रोज उघडनार ही," तो म्हणाला, "करकरली तर रोज माझ्या नावानं बोटं मोडंल." मी आजवर करकरले नाही. बैलगाडीत मायाक्काच्या मांडीवर बसून मी सोलापुरात आले.

तिचा नवरा ज्ञानबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की मायाक्का चुलीपुढून उठायची, तोंड धुवायची आणि मला उघडायची. केस विंचरायची, मेण लावायची, कुंकू लावायची, आणि दारात जाऊन उभी राहायची. ज्ञानबा केसांत कापसाची पिंजण घेऊन यायचा.

"भोंगा माझ्यासाठी होतो का तुझ्यासाठी, कळंना झालंय," तो म्हणायचा. "एखाद दिशी आलोच न्हाय, तर?"

"तर कुंकू पुसून डबीत भरून ठिवीन," ती म्हणायची. "फुकट घालवायचं व्हय?"

त्यांना एकच मुलगी. केरा. ती माझ्या आरशात जीभ काढून बघायची. लग्नानंतर दोन वर्षांत, पंधराव्या वर्षी, माहेरी आलेली असतानाच ती विधवा झाली, आणि इथेच राहिली. तिच्या कपाळावरचं कुंकू पुसायची वेळ आली तेव्हा मायाक्काने बोटाला तेल घेतलं. तेलाने मेण हळूच सुटतं. मी ते पाहिलं आहे. पुढे ज्ञानबाने मुलीला शाळेत घातलं, लोक हसले तरी घातलं. केरा शिकली, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. घरात पुस्तकं आली. तिला खोटं बोलता येत नसे, आणि शाळेतल्या मुलींनाही ती बोलू देत नसे.

मायाक्का साठीला आली तेव्हा विसरू लागली. आधी मीठ दोनदा पडलं. मग फणी डाळीच्या डब्यात सापडली. शेजारणीचं नाव गेलं, मंद्रूपची वाट गेली. ज्ञानबा सगळं हसण्यावर न्यायचा. खारट आमटी तो पाणी घालून खायचा. भोंगा मात्र ती विसरली नाही. भोंगा झाला की तिचा हात आपोआप माझ्या झाकणावर यायचा.

सन १९३३ च्या चैत्रात ज्ञानबा तापाने तीन दिवसांत गेला. बांगड्या फुटल्या, कुंकू उतरलं. मायाक्का त्या दिवशी शुद्धीत रडली. मला बंद करून कोनाड्यात सरकवलं. माझं काम संपलं असं मला वाटलं.

तेराव्यानंतर एक दिवस भोंगा झाला. मायाक्का उठली, तोंड धुतलं आणि मला उघडलं.

केरा शाळेतून आली तेव्हा तिची आई कपाळभर कुंकू लावून दारात उभी होती. पलीकडच्या दारातून गोजाबाई बघत होती.

"मास्तरीणबाई," गोजाबाई म्हणाली, "शाळंत पोरींना रीत शिकवता की तुमी? मालक जाऊन म्हैना न्हाय झाला, आन् म्हातारी नटून कुनाची वाट बगती?"

केराने आईला आत नेलं. पदराचं टोक ओलं केलं आणि कपाळ पुसलं. मेण पाण्याने सुटत नाही. घासावं लागलं.

"आई, आबा गेले."

"कुटं गेले?"

"वारले, आई. तापानं."

मायाक्काने जी किंकाळी फोडली ती तेराव्या दिवसानंतरची नव्हती, पहिल्या क्षणाची होती. अर्ध्या तासाने ती शांत झाली. म्हणाली, "भाकरी टाकू का गं? त्ये येतील आता."

मित्रांनो, हे रोज झालं. केराला वाटे, रोज सांगितलं की एक दिवस आईच्या मनात बसेल. शाळेत ती पाढे तसेच शिकवत असे. रोज भोंगा, रोज मेण, रोज ओला पदर, रोज तीच बातमी. आईला बातमी रोज नवीन असे. केराला ती कधीच नवीन नव्हती, म्हणून तिचा आवाज दिवसेंदिवस कोरडा होत गेला. तेल काढायलाही तिला सवड होत नसे. मायाक्काच्या कपाळावर एक लाल चट्टा कायमचा राहिला. एकदा केराने मला माळ्यावर ठेवलं. त्या संध्याकाळी मायाक्काने विटेचा तुकडा कपाळावर घासला. रक्त आलं. मग मी पुन्हा कोनाड्यात आले.

श्रावणात मला एक गोष्ट दिसली. भोंगा अजून व्हायचा होता. केरा लवकर घरी आली, नुसती उंबऱ्यात उभी राहिली. हातात ओला पदर नव्हता, तोंडात शब्द नव्हता. मायाक्काने मान वर केली, आणि तिचा उजवा तळवा कपाळावर गेला. तिने कपाळ झाकून घेतलं आणि भिंतीकडे सरकली. कपाळावर तेव्हा कुंकूही नव्हतं.

केराने आधी ते मनावर घेतलं नाही. मग ताट पुढे केलं तर आई खाईना. अंगावर पांघरूण घालायला गेली तर तळवा कपाळावर. आई वाळत चालली.

शेजारी पीरसाब टांगेवाल्याची बायको शमशाद राहत होती. केरा शाळेत असताना ती येऊन बसायची. तिला आमची रीत माहीत होती, पण तिने मायाक्काच्या कपाळाकडे कधी हात नेला नाही.

"आमचं मानूस आलं का गं?" मायाक्का विचारायची.

"कसे हायत ते, सांगा की अम्मा. काय आवडतं त्यांना खायाला?"

मग मायाक्का वांग्याच्या भरताचं सांगत बसायची, आणि शमशाद बोलता बोलता तिच्या तोंडात भाकरीचे घास घालायची.

केराने एक दिवस शमशादला विचारलं, "तुझं नाव तरी म्हाईत हाय का तिला?"

"न्हाई की. रोज विचारती, 'तू कोन गं?' रोज सांगती मी."

"मग तुझ्या हातचं कसं खाती?"

शमशाद म्हणाली, "नाव मनात ठेवून नसेल घेतलं त्यांनी. दुसरं कायतरी ठेवून घेतलंय."

त्या दिवशी केरा आईसमोर खाली बसली, हात मांडीवर ठेवून. "आई, मी कोन?"

"ठावं न्हाय. चांगल्या घरची दिसतीस बाई." तळवा कपाळावरच होता. "पन मला भ्या वाटतं तुजं."

"का? मी काय केलं?"

मायाक्काने आठवून पाहिलं. खरोखर पाहिलं. "काय की," ती म्हणाली. "काय बी केलं नसशील."

केराला तेव्हा कळलं. सांगितलेलं एकही अक्षर आईच्या मनात उरलं नव्हतं. उरला होता तो सांगणारीचा चेहरा, आणि त्याची भीती. पाढा पाठ झाला होता.

त्यानंतर केराने एकदाही कुंकू पुसलं नाही. गोजाबाई बोलली तेव्हा केराने दार लावून घेतलं. आबांचं नाव काढणं तिने सोडलं. ती खोटं बोलली नाही. शमशादसारखं भरताविषयी विचारू लागली. पण मायाक्का तिला उत्तर देत नसे. उलट केराच रोज मला उघडून आईपुढे ठेवी, बोटाला मेण लावी आणि थांबे. तिचं बोट कपाळापर्यंत कधी पोचलंच नाही. तळवा आधी यायचा. असे सात महिने गेले.

एकदाच थोडं जमलं होतं, आणि ते मी बिघडवलं. माघातली संध्याकाळ होती. मायाक्का माझ्यापुढे डोळे मिटून बसली होती. केरा पाठीमागून आली, आवाज न करता फणी घेतली आणि केस विंचरू लागली. मायाक्काची मान सैल झाली. "बरं वाटतंय गं," ती म्हणाली. "कोन हायस?" केरा बोलली नाही, आवाज ओळखीचा होईल म्हणून. फणी वरून खाली, वरून खाली. केराचा श्वास मला ऐकू येत होता. मग मायाक्काने डोळे उघडले. माझं झाकण उघडं होतं. माझ्या आरशात तिच्या चेहऱ्याच्या मागे लेकीचा चेहरा होता. तळवा कपाळावर गेला.

मी लाकूड आहे, मला झाकण स्वतःहून मिटता येत नाही. तरी ते त्या दिवशी मिटायला हवं होतं.

फाल्गुनात मायाक्काने अन्न सोडलं. शमशादच्या हातचं दूध दोन दिवस घेतलं, मग तेही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, भोंग्याच्या आधी, ती गेली. केरा जवळच होती, म्हणून तळवा कपाळावर होता.

बायका जमल्या. केराने मला कोनाड्यातून काढून आईच्या उशाशी ठेवलं.

"अगं, विदवेला कुंकू?" गोजाबाई म्हणाली. मग केराकडे बघून मागे सरली.

केराने आईचा हात धरला आणि कपाळावरून बाजूला केला. तो सहज बाजूला झाला. तिने बोटाला आधी तेल घेतलं, त्या लाल चट्ट्यावरून हळूच फिरवलं. मग मेण लावलं, मग कुंकू. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी तिला अडवलं नाही.

मित्रांनो, आता मला कुणी वापरत नाही. मेण वाळून भेगाळलं आहे. मला पुसा, तेल लावा, जपा, असं माझ्यासारख्या जुन्या वस्तू सांगतात. मला तसं काही मागायचं नाही. तुमच्या घरात कुणी विसरू लागलं असेल, तर त्याला काही कळत नाही, काही राहत नाही, असं समजून त्याच्याशी वागू नका. त्याला शब्द राहत नाहीत. तुमचा हात कसा लागला ते राहतं. आणि एकदा राहिलं की तुम्ही नंतर कितीही विनवण्या करा, ते पुसायचं तेल माझ्यापाशी नाही, कुणापाशीच नाही.

भोंगा अजून होतो. तो झाला की केरा कधी कधी मला उघडते. फणीला हात लावत नाही. आरशात स्वतःचा चेहरा बघते, बराच वेळ, परक्या बाईचा बघावा तसा. मग झाकण लावते. मी करकरत नाही.