खांदा बुलडोझर्स

"घाल की रे बाळू, माप तरी बघू," म्हणत परेशने जर्सी त्याच्या अंगावर फेकली. ती खाली पडली. पाठीवर हातभर अक्षरांत छापलं होतं : खांदा बुलडोझर्स.

बाळू सोसायटीचा पंप चालवायचा. पण टेनिस बॉलवर त्याचा डावा हात असा चालायचा की त्याच्याच जिवावर खांदा कॉलनीतली ही सोसायटी शेजारच्या करंजाडेवाल्यांविरुद्ध फायनलला पोचली होती. जिंकलो की बाळूला कायम करू, असं सेक्रेटरी परेशने कमिटीत बोलून ठेवलं होतं. संघाला नाव मात्र आजच मिळालं होतं. सोसायटीच्या ऑफिसात सगळे खूश. करंजाड्यात एक भिंत उभी ठेवायची नाही, असे विनोद चालले होते.

बाळूने जर्सी उचलली नाही.

त्याच्या गावात रात्री सापाचं नाव घेत नाहीत, लांबडं म्हणतात. तसं रस्त्यासाठी त्यांचं घर पाडल्यापासून बाळूच्या घरात बुलडोझर हा शब्द कुणी उच्चारत नसे. त्याची आई चंद्रावती 'पिवळं' म्हणायची, तेही आवाज खाली घेऊन. बातम्यांत तो शब्द आला की टीव्ही बंद व्हायचा.

"नुसतं नाव आहे रे," परेश म्हणाला. "पॉवरफुल वाटतं. सगळेच म्हणतात हल्ली."

"तुमी त्याला दारात येताना बघितलंय का, परेशशेठ?" बाळूने विचारलं. "माजी आय त्याच्यापुढं हात जोडून उभी रायली. चुलीवर भात हाय, तेवढा उतरू दे, बोलली. लोखंडाला बोलली ती. वर बसलेला हसला. त्याचं नाव मी पाठीवर घेऊन धावू?"

मग परेशने सरळ सांगितलं, जर्सी नाही तर मॅच नाही, आणि कायम व्हायचं तर विसरूनच जा.

रविवारी मागच्या मैदानावर लाउडस्पीकर सुरू झाला. प्रत्येक चौकाराला तोच शब्द. बाळूने पंपघराचं दार आतून लावलं आणि दोन्ही पंप एकदम चालू केले. त्या घरघरीत बाहेरचा आवाज बुडाला. थोड्या वेळाने गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. पाणी नव्या रंगाच्या भिंतीवरून ओघळत परेशच्या खिडकीपर्यंत उतरलं. दारावर थापा पडू लागल्या.

बाळूने बटणाला हात लावला नाही.