चार बोटं उंच दगड

इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या डोंगरातल्या त्या गावात क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या दफनभूमीतले सगळे दगड एकाच उंचीचे. मेल्यावर तरी कुणी कुणाच्या वरचढ दिसू नये, म्हणून. त्यात अँब्रोजने बायकोचा, विनीचा, दगड चार बोटं उंच उभा केला.

"जन्मभर बुटकी म्हणून फळीवरचे डबे मलाच काढायला लावायची," तो म्हणाला. "आता होऊ दे की जरा उंच."

"उद्या सगळेच उंच व्हायला बघतील." हेस्टर त्याची थोरली बहीण, दफनभूमीची देखरेख तिच्याकडे. "कापावा लागेल."

"काप. मग माझा हात विसर. या सभाघराची पायरी पुन्हा चढणार नाही मी."

ही धमकी साधी नव्हती. रविवारी प्रार्थनेला सगळे तिथे तासभर मुक्याने बसत. पाद्री नाही, भजन नाही. ज्याला आतून आलं त्यानेच उठून बोलायचं. समोरच्या बाकावरच्या दोन ज्येष्ठांनी हात मिळवला की बैठक संपली. ते दोघे म्हणजे हीच भावंडं.

रविवारी तास भरला. हेस्टरने हात पुढे केला. अँब्रोज खिडकीतून मेंढ्या बघत राहिला. हात हवेतच. कुणी हललं नाही. सगळ्यांना वाटलं, आज देव जवळ आलाय. मेटकाफबाईंचं मटण घरी ओव्हनमध्ये होतं, तरी त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

हेस्टरचा खांदा भरून आला. हात खाली घेतला तर भाऊ गेला. त्याच्या कोटाचं वरचं बटण तुटलेलं तिला दिसलं. ते लावणारी आता मातीत होती.

ती उठली.

"कापायला नको," ती म्हणाली. "चार बोटं खोल पुरू."

आणि बसली. कुणी बोललं की ते शब्द मुरू द्यायचे, लगेच उत्तर द्यायचं नाही, ही रीत. त्यामुळे अँब्रोजला भांडताही येईना. बऱ्याच वेळाने त्याने तिचा हात धरला, तो सोडलाच नाही.

"आज बैठक फार गहिरी झाली," बाहेर कुणीतरी म्हणालं.

"झाली खरी," मेटकाफबाई म्हणाल्या. "मटणाचा कोळसा झाला असेल."

दुसऱ्या दिवशी भावंडांनी खड्डा खोल करून दगड पुन्हा रोवला. अँब्रोज गुडघे टेकून माती दाबत होता.

"म्हणजे खाली ती सगळ्यांपेक्षा उंच."

"खाली कोण मोजतंय," हेस्टर म्हणाली, आणि त्याला उठायला हात दिला.